नगरचा पोलादी रिसाला

कॅव्हलरी टँक म्युझियम हे भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे संग्रहालय आहे. अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचे अहमदनगर, या शहराला लागून असलेल्या भिंगारच्या लष्करी परिसरात, सोलापूर रस्त्याच्या बाजूला ते उभे आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या संस्थेने ते उभारले. फेब्रुवारी १९९४ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिनचंद्र जोशी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जोशी स्वतः चिलखती दलातलेच अधिकारी होते. संग्रहात पन्नासच्या आसपास रणगाडे आणि चिलखती वाहने आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात जन्मलेल्या रोल्स रॉइस चिलखती मोटारीपासून चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यात बनलेल्या विजयंता रणगाड्यापर्यंत त्यांचा पल्ला जातो. आशियातले असे एकमेव संग्रहालय, अशी त्याची ओळख सांगितली जाते. इस्राएलमधील लात्रूनचा मोठा संग्रहही आशियातच असल्याने हा दावा शब्दशः घेता येत नाही. तरी भारतापुरते बोलायचे तर इतक्या देशांचे आणि इतक्या काळांचे रणगाडे एका आवारात दुसरीकडे पाहायला मिळत नाहीत.

संग्रहालयाचा बराच भाग मोकळ्या आवारात आहे. झाडांच्या सावलीत, चौथऱ्यांवर वाहने मांडली आहेत आणि प्रत्येकासमोर माहितीचा फलक आहे. पाटीवरचे टनांचे आणि मिलिमीटरचे आकडे वाचत पुढे गेले, तर पाचव्या-सहाव्या रणगाड्यापाशी सगळे सारखेच वाटू लागतात. प्रत्येक यंत्र कोणत्या जमिनीसाठी केले होते आणि प्रत्यक्षात कोणत्या जमिनीवर लढले, हे धरून पाहिले तर मात्र हा संग्रह उलगडत जातो. चिखल, वाळवंट, डोंगर, नदी आणि उसाचे फड या पाच जमिनींवर इथल्या बहुतेक वाहनांचा इतिहास घडला आहे.

नगरच का

नगर हे लष्करी ठाणे म्हणून जुने आहे. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा भुईकोट घेतला आणि तेव्हापासून इथे इंग्रजांची छावणी रुजली. याच किल्ल्यात १९४२ पासून जवाहरलाल नेहरू आणि काँग्रेसचे इतर नेते कैदेत होते. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, चिलखती दलाच्या प्रशिक्षणाच्या आणि नोंदींच्या वेगवेगळ्या संस्था एकत्र करून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे स्थापन झाले. रणगाडा चालवणारा, त्याची तोफ डागणारा, त्याचा वायरलेस सांभाळणारा, असा प्रत्येक जवान इथेच घडतो. यांत्रिक पायदळाचे, म्हणजे मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे, रेजिमेंटल सेंटरही नगरमध्येच आहे आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळाही.

यामागे भूगोलाचे कारण आहे. नगर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. पाऊस कमी, जमीन कोरडी, माळ उघडे आणि वस्ती विरळ, अशा प्रदेशातच रणगाड्यांना फिरवायला आणि गोळाफेकीचा सराव करायला जागा मिळते. शहराच्या उत्तरेचे के. के. रेंज हे सरावक्षेत्र त्यासाठीच आहे. खारे कर्जुने या गावाच्या नावातली दोन आद्याक्षरे त्याला मिळाली आहेत. याच कोरड्या हवेचा संग्रहालयालाही उपयोग होतो. उघड्यावरच्या पोलादाला कोल्हापूरच्या पावसाळ्यात जितके सांभाळावे लागले असते, तितके नगरमध्ये लागत नाही.

घोड्यावरून उतरलेले दल

संग्रहालयाच्या नावातच घोडदळ आहे. भारतीय चिलखती दलाच्या जुन्या रेजिमेंट मूळच्या रिसाल्याच्या. आजही या दलातला शिपाई सवार म्हणवला जातो आणि बढती मिळाली की दफादार, रिसालदार होतो. पूना हॉर्स ही रेजिमेंट १८१७ मध्ये, पेशव्यांबरोबर झालेल्या पुणे करारानंतर उभी राहिली. डेक्कन हॉर्सचे मूळ निजामाच्या मुलखात आहे. म्हणजे दख्खनच्या पठारावरच्या घोडेस्वारीची परंपरा या दोन्ही रेजिमेंटच्या मुळाशी आहे.

घोडा जाऊन रणगाडा आला तो क्षण एका जंगलात पकडता येतो. फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर हाय वूड नावाची एक राई होती. १४ जुलै १९१६ रोजी संध्याकाळी या राईच्या बाजूने विसाव्या डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी इंग्रज ड्रगून गार्ड्सबरोबर भाले रोखून घोडे घातले. धाव धाडसी होती, काही जर्मन सैनिक पकडलेही गेले. पण मशीनगनपुढे घोड्यांना ती जागा राखता आली नाही. राई जर्मनांच्याच हाती राहिली. दोन महिन्यांनी, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, इतिहासात पहिल्यांदा रणगाडे लढाईत उतरले, तेव्हा त्यांतले काही याच राईवर धाडले गेले. त्या दिवशी इंग्रजांकडे ४९ रणगाडे होते आणि त्यांतले सुमारे ३२ सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोहोचू शकले. मार्क १ या रणगाड्याचे वजन २८ टन, आत आठ माणसे आणि वेग माणसाच्या चालीइतका. तुटलेल्या झाडांच्या बुंध्यांत हाय वूडमध्ये गेलेले रणगाडे अडकले. तरीही पुढच्या काळाची दिशा त्या दिवशी ठरली.

भारतीय घोडदळाने घोडे सोडले ते मात्र बरेच उशिरा. एप्रिल १९३८ मध्ये रावळपिंडीला सिंध हॉर्सने आपले घोडे परत केले आणि चिलखती गाड्या घेतल्या. असे करणारी ती पहिली भारतीय घोडदळ रेजिमेंट. पुढच्या दोन-तीन वर्षांत बाकीच्या रेजिमेंट त्याच वाटेने गेल्या आणि १९४१ मध्ये इंडियन आर्मर्ड कोअर अस्तित्वात आले. फाळणीत १८ रेजिमेंटपैकी १२ भारताकडे आल्या आणि सहा पाकिस्तानकडे गेल्या. १९६५ साली समोरासमोर आलेल्या दोन्ही बाजूंच्या दलांचे मूळ असे एकच होते.

रणगाडा कसा पाहावा

रणगाड्याकडून तीन गोष्टी अपेक्षित असतात: मारा, चाल आणि बचाव. एक वाढवली की दुसरी घटते. चिलखत जाड केले की वजन वाढते आणि चाल मंदावते. तोफ मोठी बसवली की बुरूज रुंद करावा लागतो आणि गाडी उंच होऊन शत्रूला लवकर दिसते. प्रत्येक देशाने आणि प्रत्येक काळाने या तिन्हींची वेगळी तडजोड केली.

साखळपट्ट्यांचे काम वजन पसरवण्याचे. पन्नास टनांच्या रणगाड्याचा जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास भरतो. भरलेल्या मालमोटारीच्या चाकाखाली तो कितीतरी जास्त असतो. म्हणून जिथे ट्रक रुततो तिथून रणगाडा निघून जातो. पण पट्टे लवकर झिजतात, तेल फार लागते आणि लांबच्या प्रवासाला रणगाडा ट्रेलरवर किंवा रेल्वेच्या वाघिणीवरच न्यावा लागतो.

कोल्हापूरच्या वाचकाला यापुढची गोष्ट चटकन कळेल, कारण ती फाउंड्रीची आहे. उद्यमनगर आणि शिरोलीच्या एमआयडीसीत ओतकामावर हात बसलेला माणूस रणगाड्याच्या अंगावरून हात फिरवूनच त्याचा काळ सांगू शकतो. चिलखत घडवण्याच्या तीन रीती आहेत. जुन्या गाड्यांत पोलादी पत्रे रिव्हेटांनी जोडलेले दिसतात. ही रीत सोपी, पण बाहेरून मोठा तडाखा बसला की रिव्हेटचे डोके आतल्या बाजूला गोळीसारखे उडते आणि माणसे जखमी होतात. दुसरी रीत ओतीव चिलखताची. अख्खा बुरूज साच्यात ओतला की त्याला गोलाई देता येते आणि आलेला गोळा घसरून जाण्याची शक्यता वाढते. मात्र तितक्याच जाडीच्या लाटलेल्या पोलादापेक्षा ओतीव पोलाद थोडे कमी टिकाऊ असते आणि ओतकामातल्या पोकळ्या, भेगा यांचा धोका राहतो. तिसरी रीत लाटलेले पत्रे वेल्डिंगने जोडण्याची. रिव्हेट, ओतकाम, वेल्डिंग हा क्रम मनात ठेवून आवारात फिरले की विसाव्या शतकातली धातुविद्या नजरेखालून जाते.

चिलखती मोटार

संग्रहातले सर्वांत जुने वाहन रोल्स रॉइसची चिलखती मोटार हे आहे. सिल्व्हर घोस्ट या श्रीमंती मोटारीच्या सांगाड्यावर १९१४ मध्ये इंग्रज नौदलाच्या विमानदलाने हा प्रकार पहिल्यांदा केला. वजन पाच टनांच्या आत, आत तीन माणसे, फिरत्या बुरुजात एक व्हिकर्स मशीनगन आणि सुमारे १२ मिलिमीटरचे चिलखत. बंदुकीची गोळी अडवण्यापुरतेच ते पुरे होते. पहिल्या महायुद्धात अरबस्तानच्या वाळवंटात टी. ई. लॉरेन्सच्या मोहिमांत या गाड्या वापरल्या गेल्या. पुढे वायव्य सरहद्दीसाठी या मोटारीचा खास भारतीय नमुना निघाला. रस्ता आहे तिथेच ती चालते, ही तिची मर्यादा, आणि रणगाड्याची गरज नेमकी तिथून सुरू होते.

याच रांगेत जर्मनांची जड टेहळणी गाडी, श्वेरर पान्झरश्पेवागेन, ठेवली आहे. दुसऱ्या महायुद्धात लीबियाच्या वाळवंटात जर्मन सैन्याने अशा गाड्या पुढची वाट चाचपायला वापरल्या. त्या काळच्या जर्मन रणगाड्यांची एंजिने मेबॅक कंपनीची असत. कोल्हापूरच्या दसऱ्यात छत्रपतींच्या स्वारीत दिसणारी जुनी मेबॅक मोटार त्याच कारखान्याची.

वाळवंट, डोंगर आणि जंगल: दुसरे महायुद्ध

मॅटिल्डा हा इंग्रजांचा पायदळाला साथ देणारा रणगाडा. वजन सुमारे २७ टन, समोरचे चिलखत ७८ मिलिमीटर आणि वेग ताशी जेमतेम २५ किलोमीटर. पायदळाच्या चालीने जायचे आणि मार झेलायचा, हेच त्याचे काम. १९४०-४१ मध्ये उत्तर आफ्रिकेत इटालियन तोफांचे गोळे त्याच्यावरून घसरून जात. त्याचा बुरूज ओतीव आहे. इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्री या कारखान्यात तो बनला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीची एंजिनेही व्हल्कन फाउंड्रीनेच पाठवली होती.

मॅटिल्डाचे एक नाते पश्चिम महाराष्ट्राशी आहे. फेब्रुवारी-मार्च १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात इटालियनांविरुद्ध जी लढाई झाली तीत चौथ्या आणि पाचव्या भारतीय डिव्हिजन होत्या. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन लढल्या. उभ्या कड्यांवर रणगाड्याचा उपयोग नव्हता. ते काम पायदळाने केले. खिंडीतला रस्ता अखेर मोकळा झाल्यावर मॅटिल्डा पुढे सरकले. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या शेतकऱ्यांच्या मुलांनी रणगाड्याच्या साथीने केलेल्या सुरुवातीच्या लढायांपैकी ही एक.

व्हॅलेंटाइन हा त्याहून हलका, सुमारे १७ टनांचा. ब्रिटन आणि कॅनडात मिळून आठ हजारांवर बनले. १९४३ च्या सुरुवातीला आराकानच्या किनाऱ्यावर, ब्रह्मदेशात, थोडेसे व्हॅलेंटाइन लढाईत उतरवले गेले आणि जपान्यांच्या बंकरांपुढे निष्फळ ठरले. रणगाडे थोडे-थोडे करून वापरू नयेत हा धडा तिथे मिळाला. पुढच्या वर्षी इंफाळभोवती मात्र रणगाडे डोंगरमाथ्यांवर चढवले गेले. एप्रिल १९४४ मध्ये नुंगशिगुमच्या उंच सोंडेवर एम-३ मध्यम रणगाडे पोहोचले, तेव्हा तिथे रणगाडा येऊ शकतो ही शक्यताच जपान्यांनी धरली नव्हती.

चर्चिल हा चाळीस टनांचा. त्याच्या मार्क ७ या नमुन्याचे समोरचे चिलखत १५२ मिलिमीटर, म्हणजे मॅटिल्डाच्या जवळजवळ दुप्पट. वेग ताशी वीस किलोमीटर, पण चढ चढण्यात त्याच्या बरोबरीचा रणगाडा तेव्हा नव्हता. एप्रिल १९४५ मध्ये इटलीतल्या सेनिओ नदीवर आठव्या भारतीय डिव्हिजनने हल्ला केला, तेव्हा तिच्या साथीला चर्चिल होते. याच हल्ल्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून वाचवले, शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या मोडल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

कॅनडात बनलेली सेक्स्टन ही स्वयंचलित तोफ रणगाड्यासारखी दिसते, पण तिला छत नाही. २५ पौंडी तोफ साखळपट्ट्यांवर बसवून तोफखान्याला रणगाड्यांच्या मागोमाग नेण्याची ती सोय. शेर्मन क्रॅब हा आणखी वेगळा प्रकार. त्याच्या पुढच्या फिरत्या रुळाला साखळ्या लावलेल्या असतात. त्या जमिनीला बडवत जातात आणि पेरलेले सुरुंग आधीच फुटतात. पेरलेली जमीन साफ करत पुढे जाणे, एवढ्या एकाच कामासाठी हे यंत्र होते.

जपानचा टाइप ९५ हा-गो या सगळ्यांत लहान वाटतो. वजन साडेसात टनांच्या आत, चिलखत १२ मिलिमीटर, पत्रे रिव्हेटांनी जोडलेले. बुरुजात एकटा नायक बसे; तोच शत्रू हेरी, तोच तोफ भरी आणि तोच डागी. चीन आणि मलायात समोर फारसे रणगाडे नव्हते तेव्हा हा पुरेसा पडला. ब्रह्मदेशात अमेरिकी आणि इंग्रजी रणगाड्यांशी गाठ पडल्यावर त्याचा टिकाव लागला नाही. शेजारचा टाइप ९७ चि-हा त्याहून मोठा, पण फार उशिरा सुधारलेला. पोलादाचा मोठा वाटा जहाजांसाठी वळवणाऱ्या देशाचे हे रणगाडे आहेत.

जोजिला: साडेअकरा हजार फुटांवरचे स्टुअर्ट

अमेरिकेचा एम-३ स्टुअर्ट हा सुमारे तेरा टनांचा हलका रणगाडा. त्याचे एंजिन मूळचे विमानाचे, वेग सपाटीवर ताशी पन्नासच्या पुढे आणि तोफ फक्त ३७ मिलिमीटरची. १९४५ पर्यंत युरोपात तो जुना झाला होता. भारतात मात्र त्याची सर्वांत मोठी कामगिरी त्यानंतर झाली.

१९४८ च्या उन्हाळ्यात पाकिस्तानकडून आलेल्या सैन्याने जोजिलाची खिंड धरली आणि लेहचा मार्ग तुटला. पायदळाचे हल्ले फसले. मेजर जनरल के. एस. थिमय्या यांनी रणगाडे वर नेण्याचे ठरवले. सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट जम्मूकडून श्रीनगरला आणले गेले. वाटेतल्या कच्च्या पुलांवर वजन कमी व्हावे आणि शत्रूच्या हेरांना रणगाडे ओळखू येऊ नयेत म्हणून बुरूज उतरवून वेगळे नेले. बालतालहून वर जाणारी पायवाट मद्रास सॅपर्सनी रणगाडे जातील इतकी रुंद केली. १ नोव्हेंबर १९४८ रोजी लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांच्या नेतृत्वाखाली स्टुअर्ट खिंडीत शिरले. उंची सुमारे ११,५०० फूट, हवेत बर्फ. इतक्या उंचीवर रणगाडे लढल्याचे त्याआधीचे उदाहरण नव्हते. खिंड त्याच दिवशी पार झाली आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वी द्रास आणि कारगिल हाती आले.

चौदा वर्षांनी पुन्हा हलक्याच रणगाड्यांची गरज भासली. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला तेव्हा फ्रान्समधून घेतलेले एएमएक्स-१३ एएन-१२ विमानांतून लडाखमधल्या चुशूलला उतरवले गेले. पंधरा टनांच्या या रणगाड्याचा बुरूज दोन भागांचा आहे. वरचा भाग तोफेसकट वर-खाली हलतो, त्यामुळे गोळे आपोआप भरण्याची यंत्रणा मागे बसवता येते. संग्रहालयातला एएमएक्स-१३ बाजूने पाहिला की दोन भागांमधली सांध उघड दिसते.

उसाचे फड आणि पॅटन: १९६५

बहुतेक प्रेक्षक शोधत येतात तो रणगाडा म्हणजे पॅटन. अमेरिकेने पाकिस्तानला दिलेल्या एम-४७ आणि एम-४८ पॅटनचा १९६० च्या दशकात मोठा दरारा होता. एम-४७ चे वजन ४६ टन, तोफ ९० मिलिमीटर, बुरूज ओतीव आणि टोकदार. अंतर मोजणारे त्याचे दुहेरी भिंगाचे यंत्र काळाच्या पुढचे होते, पण ते वापरायला मोठा सराव लागे. घाईच्या लढाईत हा गुण अडचणीचा ठरला.

८ ते १० सप्टेंबर १९६५ या काळात पंजाबात खेमकरणजवळ आसल उत्तर या गावाभोवती पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन पुढे आली. समोर चौथी माउंटन डिव्हिजन आणि ब्रिगेडियर थॉमस थियोगराज यांची दुसरी आर्मर्ड ब्रिगेड होती. ब्रिगेडमध्ये तीन तऱ्हांचे रणगाडे होते: थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे जुने शेर्मन आणि आठव्या लाइट कॅव्हलरीचे एएमएक्स-१३. संख्येत आणि नव्या यंत्रांत पाकिस्तान वरचढ होता. निर्णय जमिनीने केला. सप्टेंबरात ऊस पुरुषभर उंच वाढलेला, त्यात भारतीय रणगाडे घोड्याच्या नालाच्या आकारात दडवलेले. कालव्याचे पाणी शेतांत सोडल्याने रान मऊ झालेले. पॅटन त्या घेऱ्यात शिरले आणि चिखलात मंदावले. उसाच्या फडात उभा माणूस दहा पावलांवरून दिसत नाही, हे शिरोळ-कागलच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तिथे रणगाडे दडवायलाही फड पुरे झाला. ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने याच फडांआडून पॅटन टिपले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. लढाई संपल्यावर पाकिस्तानचे ९७ रणगाडे मोडलेले किंवा सोडलेले मिळाले. भिखीविंडजवळ ते एकत्र मांडले गेले आणि त्या जागेला पॅटननगर म्हणू लागले. त्यांतले काही पुढे देशभर चौकांत आणि छावण्यांत स्मारके म्हणून उभे राहिले.

सेंच्युरियन हा ब्रिटनचा ५० टनांचा रणगाडा. त्याच सप्टेंबरात सियालकोट आघाडीवर फिल्लोरा आणि चविंडाच्या परिसरात पूना हॉर्सने तो चालवला. रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर मुंबईत जन्मले आणि पुण्यात शिकले. फिल्लोऱ्यात जखमी होऊनही त्यांनी मागे जाण्यास नकार दिला. वजिरवाली घेतल्यावर बुतुर-डोगरांडीच्या लढाईत १६ सप्टेंबर रोजी ते पडले. त्यांना परमवीर चक्र मिळाले.

नदी आणि सुरुंग: १९७१

१९७१ च्या युद्धाचे दोन प्रतिस्पर्धी या संग्रहालयात एकाच आवारात आहेत. सोव्हिएत पीटी-७६ हा १४ टनांचा, पाण्यात तरंगणारा रणगाडा. त्याच्या मागच्या बाजूला पाण्याचे झोत सोडणारे पंप आहेत. त्यांच्या जोरावर तो नदी पोहून जातो. त्यासाठी चिलखत इतके पातळ ठेवले आहे की मोठ्या मशीनगनची गोळीही बाजूने धोकादायक ठरावी. नद्या आणि दलदलीने भरलेल्या पूर्व बंगालसाठी तो नेमका होता. एम-२४ चाफी हा अमेरिकेचा दुसऱ्या महायुद्धातला हलका रणगाडा, पाकिस्तानने तिथे ठेवलेला. २१ नोव्हेंबर १९७१ रोजी, युद्ध जाहीर होण्याआधीच, गरीबपूर येथे धुक्यात पंचेचाळीसाव्या कॅव्हलरीचे पीटी-७६ आणि पाकिस्तानचे चाफी भिडले. जवळजवळ सगळे चाफी निकामी झाले. भारतीय स्क्वॉड्रनचे प्रमुख मेजर दलजित सिंग नारग कामी आले आणि त्यांना महावीर चक्र देण्यात आले.

पश्चिम आघाडीवर शकरगडच्या भागात बसंतर नदीपलीकडे सुरुंगांचे पट्टे पेरलेले होते. १६ डिसेंबर १९७१ रोजी पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल सेंच्युरियन घेऊन जरपालजवळ पाकिस्तानी रणगाड्यांसमोर उभे राहिले. रणगाडा पेटल्यावरही, तोफ चालते आहे तोवर मागे यायचे नाही, असे त्यांनी वायरलेसवरून कळवले. वय २१ वर्षे, जन्म पुण्याचा. त्यांनाही परमवीर चक्र मरणोत्तर मिळाले. त्यांच्या रणगाड्याचे नाव फामागुस्टा. तो नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केला आहे. परमवीर चक्राचे चिलखती दलातले दोन्ही मानकरी पूना हॉर्सचेच आहेत आणि दोघांचेही पुण्याशी नाते आहे.

विजयंता

१९६१ मध्ये भारताने व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीशी करार केला आणि देशात रणगाडे बनवण्याची सुरुवात झाली. चेन्नईजवळ आवडी येथे हेवी व्हेइकल्स फॅक्टरी उभी राहिली. डिसेंबर १९६५ मध्ये पहिला विजयंता तिथून बाहेर पडला. वजन ३९ टन, तोफ १०५ मिलिमीटर आणि अंग लाटलेल्या पत्र्यांचे वेल्डिंग केलेले. शेजारच्या पॅटन किंवा सोव्हिएत टी-५५ च्या गोल, ओतीव बुरुजापुढे विजयंताचा बुरूज सपाट आणि कोनांचा दिसतो. सुरुवातीच्या उद्योगासाठी ही रीत सोयीची होती: मोठे बुरूज ओतण्याची यंत्रणा उभी न करता पत्रे कापून जोडता येत. एंजिन हे त्याचे दुखणे राहिले. उन्हाळ्यात ते तापे. तरीही दोन हजारांहून अधिक विजयंता बनले आणि चार दशके सैन्यात राहिले. आवडीत शिकलेल्या माणसांच्या हाताने पुढे टी-७२ चे भारतीय रूप ‘अजेय’ आणि नंतर अर्जुन बनला.

कोल्हापूरहून पाहताना

कोल्हापूरला स्वतःची लष्करी परंपरा आहे. संस्थानाची राजाराम रायफल्स ही पलटण विलीनीकरणानंतर मराठा लाइट इन्फंट्रीत सामील झाली. टेंबलाईच्या टेकडीपाशी टेरिटोरियल आर्मीची १०९ मराठा बटालियन आहे. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीची तर ओळखच सैनिकांचे गाव अशी आहे. पण ही परंपरा मुख्यतः पायदळाची. नवीन राजवाड्यातल्या छत्रपती शहाजी म्युझियममध्ये तलवारी, बंदुका आणि शिकारीची साधने आहेत. ती एकेका माणसाच्या हातातली शस्त्रे आहेत. नगरमध्ये दिसते ते कारखान्याचे युद्ध, म्हणजे चार-पाच माणसे एका पोलादी पेटीत, त्यामागे तेलाचे टँकर, दुरुस्तीच्या गाड्या, सुट्या भागांची कोठारे आणि ओतकामाच्या भट्ट्या. दोन्ही ठिकाणे पाहिली की या दोन युद्धांमधला फरक कळतो.

रस्त्याने कोल्हापूर ते पुणे सुमारे २३० किलोमीटर आणि पुढे नगरपर्यंत १२० किलोमीटर. रेल्वेने कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, दौंड मार्गे नगरला थांबते. संग्रहालय लष्करी हद्दीत असल्याने ओळखपत्र जवळ ठेवावे आणि छायाचित्रांबाबत दारावर विचारून घ्यावे. मुले बरोबर असतील तर पाटीवरचे सगळे आकडे वाचून दाखवण्यापेक्षा पाच रणगाडे पुरेत: वाळवंटाचा मॅटिल्डा, जोजिलाचा स्टुअर्ट, आसल उत्तरचा पॅटन, नदी पोहणारा पीटी-७६ आणि आवडीचा विजयंता. संग्रह साधारण काळाच्या क्रमाने पाहावा आणि स्मृतिदालन शेवटी. रेजिमेंटची बोधचिन्हे आणि वीरांची नावे तिथे आहेत, आणि बाहेरची यंत्रे कोणी चालवली ते आत गेल्यावर समजते. नगरच्या भुईकोट किल्ल्यासह हे सारे एका दिवसात होते.